सुयांच्या टोकावरचं सोनं

सुईवाले म्हणून सगळी इमारत त्यांना ओळखायची. खरं नाव पगाराच्या पावतीवर तेवढं होतं, आणि ती पावतीसुद्धा ते धड वाचत नसावेत. एकदा नव्याने लागलेला शिपाई फाटकी पँट घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, एवढं शिवून देता का?" सुईवाल्यांनी पँट उलटसुलट करून पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि गंभीरपणे सांगितलं, "आमच्या सुईला नेढं नसतं हो." शिपाई ही गोष्ट अजून सांगतो आणि स्वतःवरच हसतो.

त्यांच्या सुया भट्टीत उगवायच्या. उगवायच्या हाच त्यांचा शब्द, आणि तो बरोबरही आहे. झिंक ऑक्साइड नावाची पांढरी भुकटी कोळशाच्या पुडीत कालवायची, क्वार्ट्झच्या लांब नळीत ठेवायची आणि नळी भट्टीत सरकवायची. भट्टी लालभडक झाली की भुकटीची वाफ होते, वाहत्या वायूबरोबर पुढे जाते आणि नळीत जरा कमी तापलेल्या जागी ठेवलेल्या चकतीवर बसते. पण ती कुठेही बसत नाही, तिलाही पाहुण्यासारखं आसन लागतं. म्हणून चकतीवर आधी सोन्याचा थर चढवायचा, डोळ्याला दिसणारच नाही इतका पातळ. तापल्यावर त्या थराचे बारीक थेंब होतात आणि प्रत्येक थेंबाखाली एक सुई वाढू लागते. सोन्याचा थेंब डोक्यावर घेऊनच ती वर येते. एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील अशा या अर्धवाहकाच्या सुया. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर चकतीवर राखाडी बुरशी आल्यासारखं दिसतं, त्यामुळे पाहुणे मंडळी हिरमुसून परत जात.

मग त्या सुयांवर लेझरचा न दिसणारा किरण टाकायचा आणि त्या कोणत्या रंगात उजळतात ते पाहायचं. काम म्हणाल तर एवढंच. एवढ्याशा कामात माणसाचं आयुष्य कसं जातं असं विचारणाऱ्यांनी आपलं आयुष्य कशात गेलं ते आधी आठवून पाहावं.

नव्या मुलांना पहिल्याच दिवशी ते एक धडा देत. "दागिन्यातलं सोनं म्हणजे सोनं नव्हे. त्यात तांबं असतं, चांदी असते. आपल्याला लागतं ते निर्भेळ. तांब्याचा कण जरी आत गेला ना, तरी सुई भलत्याच रंगात बोलायला लागते." मुलं माना डोलवत आणि बाहेर जाऊन त्यांची नक्कल करत. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलाने ही चूक कधी केली नाही. केली ती त्यांनी स्वतः, आणि ती कशी झाली हेच सांगायचं आहे.

त्यांची बायको या सुयांवर मनापासून हसायची. "जन्मभर सुया केल्यात, पण शर्टाचं बटण तुटलं की मीच," असं ती येईल त्याला ऐकवायची. ती बोलकी, हे अबोल, त्यामुळे संसार बरा चालला. मूल झालं नाही. त्याची खंत एके काळी दोघांनाही होती. पुढे तीही एखाद्या जुन्या कपाटासारखी भिंतीला लागून उभी राहिली आणि दोघं तिला वळसा घालून जायला शिकली.

मग ती आजारी पडली. "काही नाही हो, पित्त झालंय," म्हणता म्हणता दवाखान्यात भरती करायची पाळी आली. तिथे एका यंत्रात घालून तपासणी करायची होती, अंगावर धातू चालत नव्हता. नर्सने तिची कानातली काढली, कापसात गुंडाळली आणि सुईवाल्यांच्या हातात दिली. त्यांनी बोळा न उघडताच खिशात टाकला. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्यांना विचारून उपयोग नव्हता. ती गेल्यावर केव्हातरी त्यांनी कापूस उलगडला तर आत एकच कानातलं. दुसरं नर्सच्या हातून पडलं की चादरीबरोबर धुलाईला गेलं, कोण जाणे. दवाखान्यातल्या बायकांनी बिचाऱ्यांनी चादरींचा ढीग उपसून पाहिला. मिळालं नाही.

त्यांची थोरली बहीण महिनाभर येऊन राहिली होती. निघताना ती म्हणाली, "एकट्या कानातल्याचं काय करणार आहेस? मोडून टाक. त्यात भर घालून दुसरं काहीतरी घे."

"कुणासाठी, ताई?"

भावाच्या पाठीवरून हात फिरवून ती गाडीत बसली.

घर खायला उठतं म्हणतात ते उगीच नाही. सुईवाले संध्याकाळी घरी आले की कुलूप काढण्याआधी दार वाजवत. आत कोणी नाही हे ठाऊक असून वाजवत आणि थोडा वेळ थांबत. एकदा शेजारीण जिन्यात उभी राहून पाहत होती. तिने दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला बाहेर यायचं सोडून दिलं. कानातलं त्यांनी औषधाच्या रिकाम्या डबीत घातलं आणि ती डबी अंगरख्याच्या खिशात, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाच्या खिशात, ठेवली. घरी ठेवायची त्यांना भीती वाटे. कशाची, ते सांगता आलं नसतं.

प्रयोगशाळेत तेव्हा एक पोरगी डॉक्टरेट करत होती. केसांत पेन्सिल खोचून तीच पेन्सिल दिवसभर शोधत फिरायची, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. सुईवाल्यांना ती काका म्हणे. एका दुपारी ती वैतागून आली.

"काका, सोन्याची तार संपली. खरेदीवाले म्हणतात, सही व्हायचीय. त्यांची सही होईपर्यंत मी म्हातारी होईन. आणि उद्या मोजायला यंत्र आपल्याला मिळालंय, नाही वापरलं तर गेलं."

"आहे माझ्याकडे थोडं," सुईवाले म्हणाले. "तू चकत्या धू. सोनं मी चढवतो."

आपण हे का बोललो, हे त्यांनी पुढे स्वतःला हजारदा विचारलं. त्या क्षणी त्यांच्या मनात एवढंच आलं की खिशातलं हे एकटं सोनं तसंच पडून राहण्यापेक्षा प्रत्येक सुईच्या डोक्यावर जाऊन बसेल. ती तिथे असेल. लाखो ठिकाणी असेल. शहाण्यासुरत्या माणसाने असा विचार करू नये, पण बायको जाऊन वर्ष न झालेल्या माणसाला शहाणा म्हणायचं कुणी? त्यांनी कानातल्याचं फूल पकडीने तोडलं, फिरकी डबीत परत टाकली. फूल हवा काढून घेतलेल्या पात्रातल्या धातूच्या छोट्या होडीत ठेवलं आणि होडीत वीज सोडली. फूल आधी लाल झालं, मग चकाकलं, मग त्याचा गोळा झाला आणि गोळ्यातून उडालेलं सोनं वर टांगलेल्या चकत्यांवर बसू लागलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

त्या प्रयोगशाळेत एक जुनी पद्धत होती. यंत्र जोडण्याआधी सगळ्यांनी अंधाऱ्या खोलीत बसायचं, संरक्षक चष्मे लावून सुया आधी डोळ्यांनी पाहायच्या, आणि काय दिसलं ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं. यंत्र बिघडतं, डोळा फसतो. दोघांचं जुळलं तरच मोजमाप खरं धरायचं. एकालाही वेगळं दिसलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुलं कुरकुरत, पण पद्धत मोडत नसत.

पोरगीने लेझर सोडला आणि ती किंचाळलीच. "अगं बाई! काका, हे काय?"

एरवी त्या सुयांचा जांभळट उजेड डोळ्याला जेमतेम जाणवायचा. आज चकतीवर हिरवा ठिपका होता. कोवळ्या पानाच्या मागे ऊन आलं की पान जसं दिसतं तसा हिरवा, स्थिर, आणि उबदार वाटावा असा. सुईवाल्यांना तत्क्षणी कळलं की हे तांबं आहे. त्याच क्षणी हेही वाटलं की ही ती आहे. दोन्ही गोष्टी एका डोक्यात कशा मावल्या असं विचाराल, तर दुःखी माणसाच्या डोक्यात खोल्या फार असतात.

"तुम्हाला काय दिसतंय, काका?"

"हिरवं," ते म्हणाले. खिशातली डबी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. अंधार होता म्हणून बरं.

तिथेच सांगून टाकलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण पोरगीने सुया खूप थंड करून त्यांचा उजेड यंत्राने मोजला तेव्हा आलेखावर त्या हिरव्याच्या बारीक पायऱ्या ओळीने उमटल्या, तांबं मिसळलं की उमटतात तशा, आणि ती धावत सरांकडे गेली. सर म्हणजे विभागाचे प्रमुख, एके काळी सुईवाल्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी आलेख पाहून पहिला प्रश्न योग्य तोच केला. "तांबं नाही ना कुठे?" पोरगी म्हणाली, "कुठून येणार, सर? सोनं निर्भेळ, भुकटी निर्भेळ, आणि सोनं काकांनी स्वतः चढवलंय." काकांनी चढवलं म्हटल्यावर विषय संपला. तांबं नसताना तांब्यासारखा उजेड, म्हणजे हे काहीतरी नवीनच! सरांचे डोळे लकाकले. पोरगीच्या प्रबंधाचा विषय तिथल्या तिथे बदलला.

नवी तार आली. सुईवाल्यांनी ती कपाटात मागे सारली आणि होडीतला गोळाच पुन्हा पुन्हा तापवत राहिले. सोनं चढवायचं काम ते दुसऱ्या कुणाला देईनात. एकदा ताप आला म्हणून ते घरी राहिले, पोरगीने कपाटातली तार शोधून स्वतःच काम उरकलं, तर हिरवा आलाच नाही. ते परत आले, हिरवाही आला. मुलं म्हणाली, "काकांच्या हातालाच गुण आहे." सगळे हसले. सुईवालेही हसले, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ तोंड धुत राहिले.

दुपारी सगळे जेवायला गेले की ते अंधाऱ्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लावत, म्हणजे कुणी आत येणार नाही, आणि त्या ठिपक्यासमोर बसत. आधी नुसते बसत. पुढे बोलू लागले. दूध नासलं, ताईचा गुडघा दुखतो, गॅलरीतलं झाड तू लावलं होतंस ते मी वाळवलं, चुकलं माझं. जन्मात कधी बोलले नव्हते इतकं ते त्या खोलीत बोलले. ठिपका काही हलत नसे. पण बोलणं संपवून किरण बंद करायची वेळ आली की त्यांचा हात बटणावर अडायचा. आपणच तिला घालवतो आहोत असं त्यांना दर वेळी वाटायचं.

आणि ती खरंच चालली होती. तापवल्यावर सोन्याआधी तांबं उडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? प्रत्येक खेपेला गोळ्यातलं तांबं कमी होई आणि पुढचा हिरवा आदल्यापेक्षा जरा फिका येई. पोरगी म्हणे, भट्टी जुनी झाली. सुईवाले हूं म्हणत. घरी आता त्यांना विचित्र व्हायला लागलं होतं. आरशाच्या कडेला, खिडकीच्या काचेत, डोळे मिटल्यावर पापणीच्या आत तो हिरवा दिसे. सुरुवातीला ते दचकत. मग ते त्याची वाट पाहू लागले. दार वाजवून आत आल्यावर आधी दिवे न लावता ते खुर्चीत बसून राहत. ताईने फोनवर विचारलं, "आवाज असा का येतोय तुझा? कुणी आहे का घरात?" ते म्हणाले, "नाही, कोण असणार?" पण उत्तर द्यायला त्यांनी जरा उशीर लावला, आणि ताई तिकडे घाबरली.

सरांनी पडताळणीसाठी चकत्या आणि कृती दुसऱ्या एका प्रयोगशाळेला पाठवली होती, तिचं पत्र आलं. आम्ही तुमच्याच कृतीने सुया उगवल्या, तुमच्यापेक्षा चांगल्या उगवल्या, पण हिरवं काही दिसत नाही. तुम्ही पाठवलेल्या चकत्या मात्र उजळतात. याचा अर्थ काय समजायचा?

याचा अर्थ सरांनी पोरगीला केबिनमध्ये बोलावून विचारला. दार उघडंच होतं.

"काका नसताना एकदा तुझ्याकडेही आलं नव्हतं. ते तू मला सांगितलं नाहीस."

"सर, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं."

"चकत्यांवर हाताने काही टाकतेस का? तांब्याचा क्षार? खरं सांग. आत्ताच सांगितलंस तर निदान गाजावाजा न करता जाशील."

पोरगी बाहेर आली ती पांढरीफटक. सरळ सुईवाल्यांच्या टेबलापाशी गेली. "काका, तुम्ही सांगा ना सरांना. मी काही टाकत नाही. तुम्ही रोज बघता."

"सांगतो," सुईवाले म्हणाले.

आणि सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सांगितलं की होडी स्वच्छ होणार, गोळा फेकला जाणार, आणि मग त्या खोलीत नुसता अंधार. एका बाजूला जिवंत पोरीचं नाव मातीत जात होतं आणि दुसऱ्या बाजूला गेलेल्या बायकोचा ठिपका. कोणता माणूस इथे अडखळेल? अडखळायला नको होतं, पण ते अडखळले. आपल्याला कितीही आवडला तरी माणूस असा असतो, हे लपवून काय करायचं.

तिसऱ्या दिवशी ते आले तर पोरगी भट्टीखाली पालथी पडली होती. वायूच्या नळीवरचे सगळे जोड तिने सुटे केले होते, नखं काळी, कोपर सोललेलं. तिच्या हातात पितळेची एक झडप होती.

"पितळेत तांबं असतं ना, काका? यातून येत असेल. काल रात्रभर विचार केला. हीच असणार." तिचे डोळे इतके आशेने भरले होते की सुईवाल्यांना ते बघवेनात.

"पितळ नाही गं," ते म्हणाले. "सोनं."

"म्हणजे?"

ते खाली जमिनीवर तिच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. दवाखाना, कापूस, फूल, गोळा. लाल दिव्याचंसुद्धा सांगितलं. पोरगी रडली नाही. रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

"सर मला खोटारडी म्हणाले," ती हळू आवाजात म्हणाली. "आईला फोन करून मी म्हटलं, बहुतेक घरी परत येतेय, शिक्षण संपलं माझं. तेव्हा तुम्ही शेजारच्या टेबलावर चहा पीत होतात, काका."

"हो."

"ऐकत होतात."

"हो."

तिने झडप जमिनीवर आपटली. आवाज नळ्यांतून घुमत गेला. ती म्हणाली, "मला नुसतं सांगितलं असतंत तरी चाललं असतं. एक चकती ठेवली असती तुमच्यासाठी बाजूला. मी काय नाही म्हटलं असतं?" मग तिने बाहीने नाक पुसलं. "आता नुसतं सांगून कोण विश्वास ठेवणार? करून दाखवायला लागेल. ताजं काही उरलंय का त्यातलं?"

सुईवाल्यांनी डबी काढली. फिरकी तिच्या काळ्या तळहातावर ठेवली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी केबिनचं दार लावून सुईवाल्यांना काय सुनावलं ते बाहेर कळलं नाही, पण बाहेर येताना सरांचेच डोळे लाल होते. ठरलं असं की दोन चकत्या करायच्या, एकीवर फिरकीचं सोनं, दुसरीवर कपाटातल्या तारेचं, बाकी सगळं सारखं. एकीत हिरवा आला आणि दुसरीत नाही आला, तर पोरगी सुटली. सोनं या वेळी पोरगीने चढवलं. सुईवाले मागे हात बांधून उभे होते. फिरकीचा गोळा शेवटपर्यंत उडू दिला, म्हणजे चांगला थर बसेल. नंतर होडीत एक काळपट डाग तेवढा राहिला.

अंधाऱ्या खोलीत तिघं बसले. पहिली चकती लावली. हिरवा आला, अगदी पहिल्या दिवसासारखा टवटवीत. सर म्हणाले, "हिरवं." पोरगी म्हणाली, "हिरवं." सुईवाले म्हणाले, "हिरवं," आणि मनातल्या मनात, येतो गं, असं म्हणाले. घरातून निघताना बायको नेहमी हेच म्हणायला लावायची, जातो म्हणायचं नाही.

पोरगीने चकती बदलली. डोळे निवायला त्यांनी पुरेसा वेळ घेतला. मग तिने किरण सोडला.

"मला हिरवं काही नाही," सर म्हणाले.

"मलाही नाही," पोरगी म्हणाली. या वेळी यंत्रही जोडलेलं होतं; त्याच्या पडद्यावर हिरव्याच्या जागी रेघ सपाट होती. "काका?"

सुईवाल्यांना हिरवा दिसत होता. फिका नाही, अंधुक नाही. चकतीच्या मधोमध, कोवळा आणि स्थिर. त्यांनी डोळे मिटून उघडले. मान वळवून पुन्हा पाहिलं. तो तिथेच होता. जन्मभर त्यांनी मुलांना बजावलं होतं की जे दिसतं ते सांगायचं, जे हवं ते नाही. आता जे दिसतं ते सांगितलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून; आणि पुन्हा करायला फिरकी उरली नव्हती. शेजारी पोरगी श्वास रोखून बसली होती, तिच्या श्वासाचा थांबलेला आवाजसुद्धा त्यांना ऐकू येत होता.

"नाही," सुईवाले म्हणाले. "काही नाही. अंधार आहे."

पोरगीला हुंदका फुटला. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, किरण बंद केला आणि उठून खोलीतला मोठा दिवा लावला. दोघं बोलत बोलत बाहेर गेली, पोरगीला आईला फोन करायचा होता. सुईवाले खुर्चीतच बसून राहिले. दिव्याच्या लख्ख उजेडात, बंद लेझरसमोरच्या त्या राखाडी चकतीवर, ठिपका तसाच हिरवा होता.